ठाण्याचे शिबिर आणि एक बिनमात्रेचा शब्द

शिबिराला जायचे मी ठरवले नाही, अप्पांनी ठरवले. अप्पा हे कल्याणच्या आमच्या सेवा मंडळाचे कार्यवाह. मंडळाचे काम गरीब वस्त्यांत चालते: शिवणवर्ग, दूधवाटप, औषधाची पेटी आणि घरोघरच्या भेटी. मी तेथे बिनपगारी उमेदवार म्हणून लागलो होतो. शाळा इंग्रजी तिसरीत सुटली, त्यानंतर किराणा दुकानात पुड्या बांधल्या, एवढाच माझा अनुभव. शुद्धलेखन चांगले म्हणून पत्रे लिहायला मंडळाने मला ठेवून घेतले होते.

"साळवी, ठाण्याला कार्यकर्त्यांचे शिक्षण शिबिर आहे," अप्पा म्हणाले. "पाच दिवस राहा. तिथल्या इंदुताई हो म्हणाल्या तर तुम्ही कायम."

"आणि नाही म्हणाल्या तर?"

"तर दुकान आहेच की तुमचं."

पुढच्या तुकडीत आपल्या मंडळातले काही जण जातील, त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हे लिहीत आहे.

कल्याणहून, किंवा माझ्यासारखे डोंबिवलीला राहत असाल तर तिथून, सकाळची गाडी धरावी. मी पौषात गेलो. खिडकीपाशी जागा मिळाली आणि थंडीही मिळाली. दिवा स्टेशनाला दोन्ही बाजूंना नुसती भातखाचरे, कापणी होऊन उघडी पडलेली. तेथे एक दांडगा तरुण वळकटी घेऊन चढला आणि माझ्या वळकटीकडे पाहून म्हणाला, "शिबिराला ना? मीपण. म्हात्रे. इथलाच, दिव्याचा."

मुंब्र्यापर्यंत त्याने मला माझे गाव, पगार आणि लग्न या तिन्ही गोष्टी विचारून घेतल्या. मी कोकणातला, पगार अजून नाही, लग्नही नाही. "म्हणजे तुझं सगळंच उमेदवारीत हाय," म्हात्रे म्हणाला. मुंब्र्याच्या पुढे डोंगर एका अंगाला आणि खाडी दुसऱ्या अंगाला येते. खाडीची बाजू आधीच पकडून बसावे.

शिबिर तलावाजवळच्या एका शाळेत होते. स्टेशनवरून चालत जाता येते, टांगा करू नये. टांगेवाला वळकटी पाहून जास्त मागतो. राहायला वर्ग, झोपायला बाके जोडून. सतरंजीबरोबर कांबळे न्यावेच, कारण तलावावरून पहाटे गार वारा येतो. डासही येतात. ताट-वाटी आपली आपण न्यायची. जेवण डाळ, भात, एक भाजी. भाजी बहुधा दुधी. संध्याकाळी बाजारपेठेत एका आण्यात गरम भजी मिळतात. म्हात्रे रोज जात असे आणि माझ्या वाटणीचीही खात असे, कारण मला काळजीने भूक लागत नव्हती. शिबिरातले बाकीचे बहुतेक मॅट्रिक झालेले होते.

इंदुताई पन्नाशीच्या, ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर काही लिहिले नाही. म्हणाल्या, "गरिबाच्या दारात कसं उभं राहायचं, एवढंच इथे शिकायचं आहे. तिसऱ्या दिवशी आपण मिठागरावरच्या गावात जाऊ. तिथे प्रत्येकाने एका घरी जायचं आणि एकच प्रश्न विचारायचा. आपला आपण तयार केलेला. तो आधी मला लिहून दाखवा. शिबिर संपताना त्याच गावात आणखी एक भेट असेल."

त्या प्रश्नावर मी दोन दिवस घालवले. 'तुम्हाला काय दुःख आहे?' असे लिहिले, पण दुःखातल्या विसर्गाची भीती वाटली. 'उणीव' लिहिले तर पहिला उ आणि मधली वेलांटी, दोन्हींची शंका. शेवटी एक शब्द असा सापडला की ज्यात काना नाही, मात्रा नाही, ऱ्हस्व नाही, दीर्घ नाही. चुकायला जागाच नाही. मी स्वच्छ अक्षरात लिहिले: 'बाई, तुम्हाला काही अडचण आहे का?'

इंदुताईंनी वाचले, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "असंच विचारणार?"

"हो. शुद्ध आहे ना?"

"शुद्ध आहे," त्या म्हणाल्या आणि कागद परत दिला.

मिठागरावरचे गाव ठाण्यापासून खाडीच्या बाजूला आहे. बांधाबांधाने चालत जावे लागते. वहाणा हातात घ्याव्यात, खारा चिखल त्या धरून ठेवतो. सकाळच्या उन्हात मिठाच्या पांढऱ्या राशी डोळ्यांत खुपतात. मी चालताना प्रश्न मनात घोकत होतो. माझ्या वाट्याला बामाबाय नावाच्या म्हातारीचे घर आले. म्हातारी कुठे दिसली नाही. दारात तिची तरुण सून एका बाजूला गोणपाटावर बसली होती. शेजारच्या बायका अंगणात सुकी मासळी निवडत होत्या. सगळ्यांना ऐकू जाईल असे मी विचारले,

"बाई, तुम्हाला काही अडचण आहे का?"

मासळी निवडणारे हात थांबले. सुनेने पदर तोंडावर ओढला, उठली आणि दार लावून घेतले. मग एका बाईच्या तोंडून हसू फुटले आणि अंगणभर पसरले.

"आगो, ह्यो काय इचारतंय!"

"मास्तर, तुमाला कोनी पाठवलाय रं ह्यो इचाराला?"

मला काहीच कळले नाही. मी नमस्कार केला आणि निघालो. निघालो म्हणजे पळालोच. बांधावर एक वहाण चिखलात राहिली.

म्हात्रेला हकीकत सांगितली तेव्हा तो बांधावर बसलाच. हसून झाल्यावर म्हणाला, "अरे साळव्या, अडचण म्हणजे... बायांची ती. महिन्याची. तुमच्याकडं काय म्हणतात?"

"आमच्याकडे कावळा शिवला म्हणतात," मी म्हणालो.

"मग कावळ्याचं विचारायचंस! तेवढी तरी अब्रू राहिली असती."

त्या संध्याकाळी मी वळकटी बांधायला घेतली. म्हात्रेने ती सोडून माझ्या कांबळ्यावरच अंग टाकले, त्यामुळे जाता आले नाही.

दुसऱ्या दिवशी खडवलीची सहल होती. कसाऱ्याच्या गाडीने जावे लागते. वाटेत डोंबिवली आली तेव्हाच मला उतरून घरी जावेसे वाटले. खडवली मात्र चुकवू नये. स्टेशन लहान, नदी जवळ, पाणी गोड आणि थंड. आम्ही बरोबर नेलेल्या भाकऱ्या आणि झुणका नदीकाठी खाल्ला. घाटावर बायका भराभर कळश्या भरून नेत होत्या. म्हात्रे म्हणाला, "आमच्या खाडीकाठच्या बायांना हे दाखवलं तर रडतील."

मी इंदुताईंकडे गेलो. त्या पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या.

"ताई, शेवटच्या भेटीला मला दुसरं घर द्याल का?"

"का?"

"तिथे मी... चुकीचं बोललो."

"ऐकलंय मी. तुमचा प्रश्न वाचला तेव्हाच कळलं होतं काय होणार."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दुसरा शुद्ध शब्द शोधला असता," त्या म्हणाल्या. "चुकीच्या शब्दाचं मला काही नाही. तुम्ही उठून पळालात, त्याचं आहे. उद्या त्याच घरी जायचं, मी बरोबर येते. मग अप्पांना काय सांगायचं ते ठरवते."

म्हणजे सगळे त्या एका घरावर आले.

शेवटच्या भेटीला निघालो तेव्हा म्हात्रेने मला आपल्या वहाणा दिल्या. त्या मला मोठ्या होत्या. अंगणात पाऊल टाकले आणि ओरड झाली.

"आला गो, आला! अरचनवाला मास्तर आला!"

ते लोक ड चा र करतात, ण चा न आणि ळ चा ल. एकुलता एक शुद्ध शब्द मी नेला होता, तोही त्यांनी माझ्या नावाला लावून असा करून टाकला. या वेळी बामाबाय घरी होती. गुडघ्याला फडके बांधून ओट्यावर बसली होती.

"ये रं, बस," ती म्हणाली. "आज नाय कोनाला अरचन."

पुन्हा हसू उठले. माझे कान तापले. इंदुताई जरा लांब कुंपणाशी थांबल्या. मी बसलो. कोणता प्रश्न विचारावा ते सुचत नव्हते, म्हणून विचारला नाही. हसणे ओसरले तरी मी बसलेलाच आहे, हे पाहून बामाबायने सुनेला हाक मारली, "मास्तराला पानी दे गो." सून तांब्या घेऊन आली. पाणी गोड होते.

"परवाचे दिशी असतास तर खारा मिलला असता," बामाबाय म्हणाली.

"का?"

"का म्हंजे! हिला अरचन, माजा गुरगा ह्यो असा. गोऱ्या पान्याची हीर लांब, रेल्वेचे फाटकापल्यार. तवा हिनं हिरीला शिवाचा नाय. मंग पानी कोन आननार? तीन दीस खाजनातला, खारीकाठचा खारा पानी पिलो. नातवाचा पोट बिघरला."

तेव्हा मला कळले, की त्या दिवशी मी विचारले त्याला दोन्ही अर्थांनी उत्तर 'हो' असेच होते.

"घरातले पुरुष?" मी विचारले.

"बाप्ये? बाप्या कलशी घेल त मिठागरावं त्याचे मुकादमाला हसू आवराचा नाय."

शेजारची एक बाई म्हणाली, "आमचे घरी पन तसाच. एकटीच बाय असली का त्याच गत." दुसरीनेही मान हलवली. मला एक उपाय सुचला आणि शब्दांचा विचार न करता मी बोलून गेलो,

"मग तुम्ही सगळ्यांनी मिळून पाळी का नाही ठरवत?"

मग जो हशा झाला तो खाडीपलीकडे गेला असेल. सून दाराआड जाऊन हसत होती. बामाबायने गुडघा धरला. "आरं, ती ठरवाला लागतं होय रं! ती आपली आपन येतं!"

मला आपण काय बोललो ते या वेळी लगेच कळले. उठावेसे वाटले. म्हात्रेच्या मोठ्या वहाणा पायरीखाली होत्या. त्यांत धड पळताही आले नसते. मी बसून राहिलो आणि मलाही हसू आले. डोळे पुसून म्हणालो, "पाण्याची म्हणतोय मी. जिला अडचण असेल तिच्या घरची कळशी शेजारणीने आणायची. पुढे तिने हिची."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. बामाबाय बोटांवर काही मोजत होती. कोणाच्या घरी किती सुना, ते. मग म्हणाली, "लावू पाली. पन तुजे नावानं लावू हां, अरचनवाल्या."

परतताना बांधावर इंदुताई पुढे होत्या. मी मागून विचारले, "ताई, अप्पांना काय सांगणार?"

"ठेवा म्हणून सांगते," मागे न पाहता त्या म्हणाल्या. "पण पत्रं लिहायला नको, वस्तीत पाठवा म्हणते. आणि तुमची दुसरी वहाण त्या बायकांनी धुऊन ठेवली आहे, ती आणायला पुढच्या आठवड्यात तुम्हालाच यावं लागेल."

संध्याकाळच्या गाडीने डोंबिवलीला उतरलो. ठाण्याहून निघताना बाजारपेठेतली भजी बांधून घेतली होती. पुडी उघडीपर्यंत गार झाली. पुढे जाणाऱ्यांनी तिथेच खावीत. घरी आलो तर वहिनी माजघराबाहेर चटईवर बसलेली आणि आई विहिरीवर जायला कंबर धरून उठत होती. दादा ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होता. हे आमच्याकडे दर महिन्याला असेच असते आणि मी ते लहानपणापासून पाहत आलो आहे. पाणी कोण आणते, ते मात्र पाहिले नव्हते.

आईच्या हातातली घागर मी घेतली. विहिरीवर शेजारचे जोशीकाका हातपाय धूत होते. खांद्यावरची घागर पाहून म्हणाले, "काय रे, घरात बायका नाहीत वाटतं?"

"आहेत की काका," मी म्हणालो. "अडचण आहे."