साडू पिल्लू उलटं धरतात तेव्हा

आमच्या साडूंइतका खात्रीचा माणूस वऱ्हाडात दुसरा झाला नसेल, आणि त्यांच्याइतक्या वेळा चुकलेलाही. मोजणी खात्यात त्यांची सारी नोकरी गेली. भांडणाऱ्या दोन भावांच्या शेतांमधल्या धुऱ्यावर उभं राहून "तुमचं वावर इथं संपते, त्याचं इथून सुरू होते" असं तीस वर्षं सांगितल्यामुळे शंका नावाची गोष्ट त्यांच्या अंगातून पार निघून गेली होती. रिटायर झाल्यावर त्यांनी अकोल्यात, बार्शीटाकळीच्या रस्त्याला, घरामागच्या मोकळ्या जागेत कोंबड्या पाळल्या. कोंबड्या बऱ्याच जण पाळतात. पण साडूंनी महिनाभरातच जाहीर केलं की आठ दिवसांचं पिल्लू नर की मादी, आणि जात कोणती, हे आपल्याला नुसतं पाहून कळतं. माझी दमणूक तिथून सुरू झाली.

त्यांच्या तीन परीक्षा होत्या. पहिली म्हणजे पिल्लाचे पाय धरून त्याला उलटं लटकवायचं. मान वर उचलली तर नर, लोंबकळली तर मादी. दुसरी पंखांची. पंख पसरून पिसांची लांबी डोळे बारीक करून पाहायची, अगदी मोजणीची साखळी पाहावी तशी. तिसरी परीक्षा टोपीची. डोक्यावरची टोपी पिल्लांच्या घोळक्यात भिरकवायची, जो ताठ उभा राहील तो कोंबडा, जी दबून बसेल ती तलंग, म्हणजे अंड्यावर न आलेली कोंबडी. तिन्ही परीक्षांचे निकाल सहसा वेगवेगळे यायचे. मग साडू थोडा वेळ आभाळाकडे पाहायचे आणि चौथंच काही तरी सांगायचे. छापा-काटा केला असता तरी निम्मे तरी बरोबर आले असते, असं मी एकदा म्हणालो. ते दयेनं माझ्याकडे पाहत म्हणाले, "पाव्हने, तुमी कॉलेजात शिकवता. तुमाले नाही समजत."

जातीच्या बाबतीत तर विचारूच नका. काळं पिल्लू दिसलं की कडकनाथ, म्हणजे हाडामांसापर्यंत काळी जात; उंच दिसलं की असील, आणि दोन्ही नसेल तर "मिक्स हाये, पन खानदानी". त्यांच्या शेजारच्या शाळेतल्या बाईंना त्यांनी असंच एक काळं पिल्लू कडकनाथ म्हणून दिलं. बाईंनी त्याला पोरासारखं वाढवलं. दोन महिन्यांत त्याच्या अंगावर पांढरे ठिपके आले, चार महिन्यांत तर ते चक्क करडं झालं. बाई कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "काका, हे तर साधं गावरान निघालं." साडू जागचे हलले नाहीत. "वरून कसंही दिसो, आतून कायंच हाये. कापून पाहा." बाई माळकरी. कापणार कशा? त्यामुळे तो निकाल आजवर कुणाला खोटा ठरवता आलेला नाही.

ताई, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण आणि या गृहस्थांची बायको, हे सगळं ओट्यावर बसून पाहायची आणि तोंडाला पदर लावून हसायची. "याईले बोलू द्या," ती मला म्हणायची, "कोंबड्या आपआपलं पाहून घेतेत." साडू एकदा खोक्याला भोकं पाडून सहा पिल्लं एस.टी.नं आमच्याकडे अमरावतीला घेऊन आले. सहाही तलंगा, शब्द माझा, म्हणाले. बायकोनं भरवशावर अर्ध्या गल्लीला अंडी कबूल करून टाकली. त्या सहातले पाच कोंबडे निघाले. उजाडायच्या आत ते एकापाठोपाठ एक ओरडायचे, आणि पाचवा गप्प झाला की गल्लीतलं कुणी तरी मला हाक मारायचं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन मी साडूंना फोन लावला.

"पाच कोंबडे निघाले."

"निघाले नसतीन. तुमी खायाले काय घातलं?"

मी फोन ठेवला. नंतर नंतर लोक त्यांना मोबाईलवर पिल्लांचे फोटो पाठवायला लागले. बाळापूरहून, नांदगाव खंडेश्वरहून कुणाकुणाचे फोटो यायचे आणि साडू चष्मा कपाळावर चढवून "नर", "मादी", "मादी" असं लिहून पाठवायचे. चुकायचे तरी लोक परत विचारायचे. मला त्याचं नवल वाटायचं. आता वाटत नाही. कुणी तरी ठामपणे काही तरी सांगावं, एवढंच माणसाला पुष्कळ वेळा पुरतं.

मागच्या हिवाळ्यात ताईला धाप लागायला लागली. दोन पायऱ्या चढली की ती भिंत धरून उभी राहायची. माझी बायको फोनवर म्हणाली, "भाऊजी, दवाखान्यात दाखवा." साडूंनी ताईला दारातल्या उजेडात उभं केलं, तिचा चेहरा नीट पाहिला आणि सांगितलं, "काही नाही. थकवा हाये. आठ दिवसात उठते." ताईसुद्धा हसून म्हणाली की यांनी सांगितलं म्हणजे झालं. आठ दिवसांनी ती पडली ती उठलीच नाही. तिचं हृदय मोठं झालं होतं. डॉक्टरांनी साडूंना समोर बसवून सांगितलं की आधी आणलं असतं तरी फार फरक पडला नसता. मी शेजारीच होतो, मी ते ऐकलं. साडूंनी ऐकलं की नाही, मला सांगता येत नाही.

त्यानंतर त्यांनी पिल्लांना हात लावला नाही. कोंबड्यांना दाणे टाकायचे, पाणी ठेवायचे, बस. फोटो आले तर उघडायचे नाहीत. शाळेतल्या बाई एकदा मुद्दाम नवं पिल्लू घेऊन आल्या तर म्हणाले, "मोठं होऊ द्या. मंग दिसनच." बाई तशाच परत गेल्या आणि त्यांनी आम्हाला फोन केला. फोनवर त्या रडत होत्या.

त्या रविवारी मी स्वतः बाजारात जाऊन सात पिल्लं घेतली. ज्या माणसाचे निकाल ऐकून ऐकून मी वीस वर्षं थकलो, त्याचा आणखी एक निकाल ऐकण्यासाठी मी बायकोला घेऊन, मांडीवर खोकं धरून, अकोल्याच्या बसमध्ये बसलो. साडू ओट्यावर ताईच्या जागेवर बसले होते. मी खोकं त्यांच्यापुढे ठेवून म्हणालो, "सांगा, यात तलंगा किती?"

ते बराच वेळ खोक्यात पाहत राहिले. मग एक पिवळं पिल्लू उचललं. मला वाटलं, आता उलटं धरतील. धरलं नाही. दोन्ही तळव्यांत घेऊन त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवत राहिले.

"पाव्हने, तुमाले काय वाटते?"

मला कोंबडीतलं काही कळत नाही. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "मादी आहे. शंभर टक्के."

"असन," ते म्हणाले. त्यांनी पिल्लू अलगद खाली सोडलं आणि आम्हाला चहा ठेवायला आत गेले.

पिल्लं तिथंच ठेवून आम्ही संध्याकाळच्या बसनं निघालो. मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत बायको खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "भाऊजी सुधारले म्हणायचे." या माणसाला एकदा तरी शंका यावी, एवढंच मी इतकी वर्षं मागत होतो. ती आली, आणि मला ते बघवलं नाही.