आईची अधिष्ठानाची बैठक

माझी आई बोलायची. एवढं वाक्य लिहून थांबले, कारण ज्यांनी तिला ऐकलंच नाही त्यांना यातून काय डोंबल कळणार. सरकारी कचेरीत ती कारकून म्हणून लागली आणि हेड क्लार्क होऊन निवृत्त झाली. साहेब बदलत गेले, पण तिच्या टेबलापाशी आल्यावर सगळ्यांचेच आवाज खाली यायचे. ती कधी ओरडली नाही. "अहो, आपण साहेब आहात, तेव्हा आपल्याला वाचता येतं असं मी धरून चालले होते," असं शांतपणे म्हणायची आणि पुढच्याची बोलती बंद. मला खराडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी लागली तेव्हा येरवड्यात आमच्या सोसायटीत पेढे वाटले. आईने विचारलं, या कामात करतात काय? मी म्हटलं, दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या. "अगं बाई, आणि त्याचे पैसे देतात? मी जन्मभर फुकट करत आले."

आमच्या घरी धम्म आणला तो आजोबांनी. वंदना, पंचशील, पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जाणं, हे मी लहानपणापासून बघत आले. डोळे मिटून बसणं मात्र घरात नव्हतं. ते आईने आणलं. बाबा गेल्यावर ती कुणाच्या तरी सांगण्यावरून विपश्यनेच्या शिबिराला गेली आणि तिथलं सगळं मौन पाळून परत आली. "तू? गप्प?" मी विचारलं. "मलाही वाटलं नव्हतं. पण आत एवढी बडबड चालू असते, बाहेर बोलायला फुरसतच मिळाली नाही."

तेव्हापासून रोज सकाळी ती आतल्या खोलीत सतरंजीवर बसायला लागली. मी चिडवायचे, ती मनावर घ्यायची नाही. पण तिच्यात फरक पडला हे मला कबूल करावं लागेल. भांडी घासताना ती भांडीच घासायची. मी दारात चपला काढल्या की त्या आवाजावरून म्हणायची, आज कुणीतरी झापलेलं दिसतंय, हात धू, चहा टाकते. एकदाही चुकली नाही. मी तिच्या पोटची, पण मला असलं काही कधी जाणवायचं नाही. माझं लक्ष सतत पुढच्या कॉलवर, पुढच्या रिलीजवर. समोर ठेवलेलं ताट रिकामं झालं की मला कळायचं, जेवण झालं.

तिच्या त्या ध्यानात अधिष्ठानाची बैठक म्हणून एक प्रकार असतो. निश्चय करून बसायचं आणि तासभर हात हलवायचा नाही, पाय हलवायचा नाही, डोळे उघडायचे नाहीत. मुंग्या येतात, गुडघा ठणकतो, कुठे आग होते, कुठे बधिर पडतं. त्याचं काही करायचं नाही. नुसतं बघायचं. आलंय ते जाणारच, एवढं ध्यानात ठेवून बघत राहायचं. सुरुवातीला तिला ते अजिबात जमायचं नाही. मग जमायला लागलं आणि तिला त्याचा थोडा अभिमानही वाटायला लागला. "डास चावत होता, पण मी हात नाही उचलला," असं सांगायची. मी म्हणायचे, डासाला पुण्य लागलं.

त्या दिवशी मी निघाले तेव्हा ती बसलेली होती. पाठ ताठ, डोळे मिटलेले. रोज असायची तशीच. मी डबा घेतला, दार ओढून घेतलं आणि खाली उतरून ऑफिसच्या गाडीत बसले.

पुढचं सगळं मला खालच्या मजल्यावरच्या काकूंकडून कळलं. आई दुपार उलटल्यावर भिंतीला धरून धरून त्यांच्या दारात आली. तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द जड. काकूंनी तिला बसवलं, विचारलं, ताई, काय झालं? तेव्हा ती अडखळत म्हणाली, "सकाळी बसल्यावर हात बधिर झाला. बघत बसले. म्हटलं जाईल. मग पाय पण झाला. अधिष्ठान होतं ना, उठले नाही. नंतर उठताच येईना." मग म्हणाली, "तिला ऑफिसात फोन करू नका, घाबरेल." त्यानंतर तिचे शब्द एकमेकांत मिसळायला लागले. दवाखान्यात पोचेपर्यंत वाचा गेली.

काकूंनी हे मला कॉरिडॉरमध्ये सांगितलं. मी त्यांचे हात धरून रडले, हे खरं. पण त्यांचा रागही आला, तोही तितकाच खरा. आईचं शेवटचं बोलणं त्यांच्या वाट्याला आलं. त्या बिचाऱ्या धावपळ करून तिला घेऊन आल्या होत्या आणि मला वाटत होतं, तुम्हीच का?

डॉक्टर तरुण होते, चांगले होते. त्यांनी विचारलं, नेमकं कधी सुरू झालं? पहिल्या काही तासांत आणलं असतं तर गुठळी विरघळवायचं औषध देता आलं असतं म्हणाले. आम्हाला कुणालाच सांगता येईना. हात कधी गेला, बोटांपासून गेला की खांद्यापासून, पायात कधी उतरलं, हे सगळं नीट ठाऊक असलेलं एकच माणूस होतं. एवढं लक्ष देऊन स्वतःच्या मेंदूचा झटका आजवर कुणी पाहिला नसेल. आणि ती त्यांच्या समोरच खाटेवर पडून छताकडे बघत होती, तिला सांगता येत नव्हतं. मला त्या क्षणी त्या सतरंजीला काडी लावावीशी वाटली.

भेटायला येणाऱ्यांनी तर वात आणला. मावशा, आत्या, विहारातल्या बायका. प्रत्येकीचा एकच प्रश्न: तुला काही जाणवलं नाही का गं? पोटात कालवल्यासारखं, उजवा डोळा लवतोय असं काही? आई-लेकीचं असतं म्हणतात. नाही, मला काही जाणवलं नाही. त्या वेळी मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये पोहे खात होते आणि पोहे छान झाले होते. असं सांगितलं की त्या माझ्याकडे अशा बघायच्या की जणू मीच काहीतरी केलंय.

त्या दिवशी जाणवलं नाही त्याचं व्याज मग मी भरत बसले. आता मला रोज जाणवतं. मीटिंगमध्ये, लिफ्टमध्ये, सिग्नलला गाडी थांबली की. छातीत धस्स होतं आणि खात्री पटते की आत्ता, या क्षणी, घरी काहीतरी झालंय. फोन करते. दिवसभर आईजवळ राहायला ठेवलेल्या बाई फोन उचलतात, म्हणतात, झोपल्यात. किंवा, टीव्ही बघतायत. किंवा नुसतंच, हाय ना बसलेल्या. अंतर्ज्ञान म्हणतात ते हेच असेल तर ते साफ खोटं निघालेलं आहे. पण ते बंद करायचं बटण मला सापडलेलं नाही.

ऑफिसात एचआरने एकदा माइंडफुलनेसचं सत्र ठेवलं. हजेरी सक्तीची, कारण ताण कमी करायचा होता. एक छानशी मुलगी आली होती. तिने आम्हाला प्रत्येकी एक मनुका दिला आणि तो हळूहळू चावायला सांगितला. ज्या लोकांना दुपारचं जेवण कीबोर्डवर उरकावं लागतं, ते सगळे मान खाली घालून मनुका चावत होते. इथवर मी निभावलं. मग तिने डोळे मिटायला लावले आणि म्हणाली, शरीरात जे काही जाणवतंय, दुखणं, मुंग्या, जडपणा, त्याच्याशी भांडू नका. त्याला फक्त बघा.

मी उभी राहिले. म्हटलं, "मॅडम, हात बधिर पडला तर बघत बसू नका. दवाखान्यात जा. हे पण सांगत जा लोकांना." आवाज जरा चढलाच असावा. सगळ्यांनी डोळे उघडले. मुलगी गोरीमोरी झाली, सॉरी म्हणाली, कशाबद्दल ते तिलाही कळलं नव्हतं. नंतर मॅनेजरने मला बाजूला घेतलं आणि समुपदेशकाचा नंबर पाठवला. त्यांचंही बरोबर असेल. मला मात्र बरं वाटलं नव्हतं. आईची बाजू घेतेय असं वाटून मी उठले होते, आणि बसल्यावर ध्यानात आलं की आई इथे असती तर तिने त्या मुलीची बाजू घेतली असती.

कारण आई पुन्हा बसायला लागली होती.

दवाखान्यातून आल्यावर काही महिने व्यायामात गेले. पाय थोडा आला, उजवा हात आला नाही, वाचा आली नाही. "बरं" एवढा एक शब्द राहिला. चहा हवा का? बरं. दुखतंय का? बरं. पाऊण आयुष्य लोकांची फिरकी घेतलेल्या बाईकडे एवढाच शब्द उरला, आणि तोही ती नाही म्हणायचं असलं तरी वापरायची. मग एका सकाळी तिने डाव्या हाताने खुर्ची भिंतीशी ओढली, बसली आणि डोळे मिटले.

मी दारात उभी राहिले. डॉक्टरांनी बजावलं होतं की दुसरा झटका येऊ शकतो. ओळखायचा कसा तेही शिकवलं होतं: हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, एखादं वाक्य बोलायला सांगा. आता आईचं तोंड आधीच वाकडं, हात आधीच गेलेला, वाक्य कुठून आणायचं? तिला काही झालं तर ते ओळखायला तिच्या अंगावर काही शिल्लकच नव्हतं. आणि ती डोळे मिटून निश्चल बसलेली. ध्यान लागलेला माणूस आणि मेंदूत रक्त अडलेला माणूस दारातून अगदी सारखे दिसतात. हे मी एकदा बघितलेलं आहे आणि डबा घेऊन निघून गेलेली आहे.

मी हाक मारली, "आई." तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, पुन्हा मिटले. मी पोळ्या लाटायला गेले. जरा वेळाने परत आले. "आई." डोळे उघडले, मिटले. असं रोज सुरू झालं. तिने कधी कपाळाला आठी घातली नाही. माझी हाक आली की ती जिथे असेल तिथून परत यायची, मी बरी आहे हे मला दाखवायची, आणि पुन्हा जायची. बोलता येत असतं तर म्हणाली असती, ड्युटीवरचा हवालदार पण एवढ्या फेऱ्या मारत नाही. मी स्वतःच मनात तिच्या वतीने ते म्हणायचे.

मग एके दिवशी हाकेला डोळे उघडले नाहीत. मी पुन्हा हाक मारली. मोठ्याने मारली. हाताला पीठ होतं तशीच धावले आणि दोन्ही खांद्यांना धरून तिला गदागदा हलवलं.

तिने डोळे उघडले. तिला काहीही झालेलं नव्हतं. मी जवळून बघत होते म्हणून मला तिचा चेहरा दिसला, हलवायच्या आधीचा आणि नंतरचा. आधीच्या चेहऱ्यावर वाकडेपण दिसत नव्हतं. आजारपणानंतर पहिल्यांदाच ती बहुतेक तिला हवं तिथे पोचली होती. नंतर तिने माझ्याकडे पाहिलं, मग मांडीवर पडलेल्या उजव्या हाताकडे पाहिलं, खोलीकडे पाहिलं, आणि रडायला लागली. दवाखान्यात रडली नव्हती. व्यायामाच्या वेळी पडली तेव्हाही नाही. तिच्या साडीवर माझ्या हातांचं पीठ लागलं होतं, ते मी झटकत बसले. "मग मी काय करू, तूच सांग," मी म्हटलं. असं मी तिला म्हटलं. सांग म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खुर्चीत बसली नाही. पलंगावर बसून राहिली आणि मी दिसेन अशी मान वळवून माझ्याकडे बघत राहिली. पोळ्या झाल्या, डबा भरला, वेणी घातली, तिची नजर माझ्या मागे. मला वाटलं एखादा दिवस राग असेल. पण तसं नव्हतं, रोजचंच झालं. मी तिच्यापाशी बसून सांगितलं, तू बस, मी नाही हाक मारणार, शप्पथ. तिने माझ्या गालावर डावा हात ठेवला आणि मान हलवली. मी हाक मारणारच हे तिला ठाऊक होतं. माझ्या चपलांच्या आवाजावरून ओळखणारी बाई ती, माझी शप्पथ तिला काय फसवणार.

साऱ्या जगात तिला एकच ठिकाण राहिलं होतं, जिथे वाचा लागत नव्हती आणि उजवा हातही लागत नव्हता. माझ्या भीतीपायी तिने तेही सोडलं. मी निघेपर्यंत ती डोळे उघडे ठेवून बसते, म्हणजे मी निर्धास्त जावं. मी जाते. गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत छातीत धस्स होतं, आणि मी घरी फोन लावते.