वाढत्या अंगाचा टर्बो

टर्बो म्हणजे काय हे मी पन्नाशीत शिकलो आणि लगेच इतरांना शिकवायला लागलो. सोसायटीचा वॉचमन, केस कापणारे काका, बायकोची भिशी, कोणी सुटलं नाही. "इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक चक्र फिरवतो. त्याला जोडलेलं दुसरं चक्र इंजिनात जास्त हवा कोंबतं. जास्त हवा, जास्त ताकद!" एवढं बोलून मी असा थांबायचो, जणू आता टाळ्या पडणार आहेत. भिशीतल्या एका बाईंनी विचारलं, "मिसळ गरम करू का?"

हे ज्ञान आलं ते माझ्या लाल गाडीमुळे. जुनी हॅचबॅक. रस्त्यावर नव्हे, रेसच्या ट्रॅकवर चालवायची म्हणून घेतलेली. ती आमच्या एकुलत्या एक पार्किंगमध्ये उभी राहायची आणि बायकोची स्कूटर गेटबाहेर उन्हात. म्हणून बायकोने अट घातली होती. ट्रॅकवर नवशिक्याला आधी शिक्षक शेजारी बसवून चालवावं लागतं. सलग पाच फेऱ्या गाडी ट्रॅकबाहेर न जाता झाल्या, तर शिक्षक कागदावर सही करतो आणि मग एकट्याने चालवता येतं. "सही आणलीस तर गाडी राहील," बायको म्हणाली. "नाही आणलीस तर रविवारी संध्याकाळी फोटो काढून विकायला टाकते."

आणि नेमका त्याच आठवड्यात गाडीचा मूळ टर्बो निळा धूर ओकायला लागला.

आमचा मेकॅनिक रोडपालीचा. कळंबोलीत ट्रकांच्या गर्दीत त्याचं गॅरेज. त्याला शौक दोनच, इंजिनं आणि शर्यतीचे बैल. त्याने टेबलावर दोन टर्बो ठेवले. एक सोललेल्या नारळाएवढा, दुसरा न सोललेल्या.

"दादा, यो लहान घ्या. पाय दाबला का लगेच जागा होतो. मोठ्याचा चाक जड हाय. त्याला फिरवायला लय धूर लागतो. आधी कायच नाय, मंग एकदम सगला."

"पण ताकद कशात जास्त?"

"ताकद मोठ्यात. पण तुमी शिकताय ना? आमच्यात नवा गडी पयल्यांदा शर्यतीला उतरला तर त्याला म्हातारा बैल देतात. उधळणारा नाय देत."

म्हातारा बैल! मला! मी मोठा टर्बो दोन्ही हातांनी उचलला. काय वजन होतं. आणि त्या क्षणी माझ्या तोंडून माझे वडील बोलू लागले.

वडील दर जूनमध्ये मला लाइन आळीतल्या दुकानात नेऊन दोन मापं मोठा शर्ट घ्यायचे. बाह्या कोपराखाली लोंबायच्या, खांदे दंडावर उतरायचे. दुकानदार काही बोलायच्या आत वडील म्हणायचे, "वाढतं अंग आहे." चपलांचंही तेच. पुढे कापूस कोंबून मी पहिलीत शाळेत गेलो आणि त्याच चपला तिसरीत मला झाल्या. आमच्या घरात आजचं माप कोणी घेतच नसे.

"मोठाच बसव," मी म्हणालो. "आज नवशिका आहे, उद्या तयार होईन. तेव्हा परत बदलत बसायचं का? वडील माझा शर्टही दोन मापं मोठाच घ्यायचे. वाढतं अंग आहे."

मेकॅनिकने माझ्या पोटाकडे पाहिलं. "वाढतंय खरं," म्हणाला, आणि पाना उचलला.

गाडी तयार झाल्यावर मी कर्नाळ्यापर्यंत जाऊन आलो. पुढे ट्रक, मागे ट्रक. टर्बो एकदाही जागा झाला नाही. किती गुणी आहे, मी बायकोला सांगितलं.

रविवारी ट्रॅकवर शिक्षिका निघाली. माझ्या मुलीच्या वयाची. हेल्मेट घालून शेजारी बसली आणि म्हणाली, "काका, घाई नाही. वळणाच्या मध्यावर हलकेच ॲक्सिलरेटर."

हलकेच दाबला. काही नाही. अजून दाबला. काहीच नाही. बाहेरची झाडं शांतपणे मागे जात होती. मी पाय जमिनीला टेकवला. आणि मग, मेकॅनिक म्हणाला होता तसं, एकदम सगळं आलं. गाडी सरळ गवताकडे निघाली. मी घाबरून पाय उचलला, तर मागची बाजू पुढे यायला लागली. टेकडी, टायरांचे ढीग, चहाची टपरी, परत टेकडी. थांबलो तेव्हा आम्ही आलो त्या दिशेला तोंड करून उभे होतो.

"पाय एकदम उचलायचा नाही, काका."

"मी कुठे काय करतोय?" मी म्हणालो. "सगळं तोच करतोय!"

दुसऱ्यांदाही तेच झालं, फक्त टपरी आधी दिसली. शिक्षिका घड्याळ बघून म्हणाली, "आता शेवटची संधी."

माझ्या डोळ्यांसमोर लाल गाडीचे चार कोनांतून काढलेले फोटो आले. मग मी जे केलं ते सांगताना अजून कान गरम होतात. मी त्या टर्बोला उठवलंच नाही. पाय असा ठेवला, जणू खाली बाळ झोपलंय. पाच फेऱ्या मी दुधाच्या टेम्पोसारख्या मारल्या. सगळे पुढे गेले. एक जण तर वाकून आत बघून गेला, की चालक शुद्धीवर आहे ना.

शिक्षिकेने सही केली. खाली शेरा लिहिला: 'नियंत्रण उत्तम. वेग वाढवायला हरकत नाही.'

घरी बायकोने कागद दोनदा वाचला, सही बोटाने घासून पाहिली आणि स्कूटर गेटबाहेर लावायला गेली. मी जिंकलो होतो. मला एकट्याने गाडी चालवायची परवानगी होती, त्या टर्बोसह, शेजारी कोणी नसताना. त्या विचाराने मला जेवण गेलं नाही.

सोमवारी कळंबोलीला गेलो. मेकॅनिक ट्रकखाली होता, नुसते पाय दिसत होते. मी बोनेट उघडून उभा राहिलो. खालून आवाज आला, "काय दादा, शर्ट लोंबतोय?"

"बाह्या दुमडता येतील का?" मी विचारलं.

"नाय," तो म्हणाला, आणि फळीवरचा लहान टर्बो काढायला बाहेर सरकला.