इंजन नानांची राखण

माझ्या सासऱ्यांना अख्खा मळा इंजन नाना म्हणायचा. तसलं घोरणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. अवसरी खुर्दच्या आमच्या शिवारात बिबट्या उसातून थेट गोठ्यापर्यंत येतो, पण नाना ओट्यावर झोपले असले की तो फिरकत नाही, अशी घरादाराची खात्री होती. चुलतजाऊ म्हणायची, "तुमचं बरंय बाई, फुकटचा भोंगा हाय." नाना मिशीत हसायचे. "मी झोपल्यावर बी कामच करतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

लग्न होऊन आले त्याच उन्हाळ्यात माझ्या काळजाचं पाणी झालं. दुपारी नाना तोंड उघडं टाकून झोपले होते. घोरता घोरता आवाज थांबला. छातीही हलेना. हातातली भांडी टाकून मी धावले, तोवर गुदमरल्यासारखा आचका देऊन त्यांनी श्वास ओढला आणि इंजन पुन्हा सुरू. सासूबाई निवांत गहू निवडत होत्या. "अगं, आवाज थांबला की समजायचं, गाढ झोप लागली." मला मात्र त्या थांबण्याचीच धास्ती बसली ती बसलीच.

दिवसा नाना चहाची कपबशी हातात धरून पेंगायचे. हटकलं तर म्हणायचे, "डोळं मिटून इचार करतोय राव." ते ट्रॅक्टरवर बसले की माझा जीव टांगणीला लागायचा.

दाढ दुखायला लागली म्हणून मी त्यांना मंचरला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. झिजलेले दात आणि कोरडं पडलेलं तोंड बघून त्या दाढ सोडून झोपेचंच विचारू लागल्या. मग पुण्यात तपासणी झाली. झोपेत श्वास थांबतो, हृदयाला धोका आहे, असं तिथे स्वच्छ सांगितलं. रात्री मास्कचं मशीन लावा म्हटल्यावर नाना उठलेच. "मुसकी बैलाला बांधत्यात. मला न्हाई." शेवटी मंचरच्या बाईंनी खालचा जबडा पुढे धरणारी प्लेट मापाने करून दिली, आणि जीभ टाळूला लावून नाकाने श्वास घ्यायचा व्यायाम शिकवला. नाना तो गोठ्यात गाईसमोर उभे राहून करायचे. "बग, रवंथ करतीय पन त्वांड मिटून. बाईंनी हिलाबी शिकीवलं वाटतं."

प्लेटने घोरणं पुष्कळ उतरलं. नाना तरतरीत दिसू लागले, चहा गरम असतानाच संपू लागला. आणि तेवढ्यात बिबट्याने शेजारची शेळी नेली. "इंजन बंद पडलं म्हनून जनावर धीट झालं," जाऊ चारचौघांत बोलली. नानांची नजर गोठ्याकडे गेली. आमची गाय आज-उद्या विणार होती. मला त्यांची ती नजर बघूनच भीती वाटली. मी म्हणाले, "नाना, गाय गेली तर दुसरी आणू. प्लेट काढू नका. तुमच्या पाया पडते."

"न्हाई काढत गं पोरी. किती भितीस."

गाय व्याली त्या सकाळी सासूबाई हरखून ओट्यावर गेल्या. "अहो, उठा, कालवड झालीय." नाना उठले नाहीत. प्लेट उशाशी डबीत होती, स्वच्छ धुऊन ठेवलेली.

नानांनी शेवटपर्यंत राखण केली, असं लोक अजून कौतुकाने सांगतात. मला ते ऐकवत नाही. परवापासून माझा नवरा घोरायला लागलाय. "अगदी बापावर गेलाय," म्हणत सासूबाईंनी त्याची खाट ओट्यावर टाकली.

मी खाट ओढत आत आणली आणि मंचरला फोन लावला.