जरा तेल लावून देतो

माझ्या झेरॉक्सच्या दुकानाशेजारी छऱ्याच्या बंदुका विकणारे चाचा एका जागी बसलेले मी कधी पाहिले नाहीत. बोलता बोलता स्क्रू फिरवतील, नळीत फुंकर मारतील, मधेच उठून रस्त्यावर डोकावतील. बघणाऱ्यालाच दम लागायचा.

गिऱ्हाईक आलं की त्याच्या तळहातावर दोन छर्रे ठेवायचे. "ह्यो वन सेव्हन सेव्हनचा, बारीक. सरळ जातो, डबे पाडायला बेस. ह्यो टू टूचा, जाड. लई जोरात हाणतो. तुमाला काय पाडायचंय, ते बोला की."

ससे, तितर असं कुणी म्हटलं तर ते कधी वाद घालत नसत. "व्हय व्हय, मग जाडच घ्या. थांबा, जरा तेल लावून देतो," म्हणत बंदूक पडद्याआड न्यायचे. एकदा चहा द्यायला मी आत गेलो, तर चाचा त्या बंदुकीच्या स्प्रिंगचे वेढे कापत होते. "जोर कमी झाला की छर्रा पोचायचाच न्हाई, ससा पळंल. साहेबाला वाटंल, नेम चुकला," एवढंच बोलले.

गेल्या महिन्यात मीही बंदूक घ्यायला गेलो. गच्चीवर डबे पाडीन म्हणालो, बारीक छर्राच निवडला. तेवढ्यात समोरच्या तारेवर पारवा येऊन बसला आणि बंदूक माझ्या खांद्याला कधी लागली, मला कळलंच नाही.

चाचांचे हात थांबले होते. पहिल्यांदाच. त्यांनी ती हळूच काढून घेतली.

"थांबा, जरा तेल लावून देतो."