सोजराबाईनगरचे मालक

पिंपळगाव राजाचे अर्जुनराव स्वतःला फार शहाणे समजत. रस्त्याकाठचं कपाशीचं वावर मोडून त्यांनी प्लॉट पाडले, कमान उभारली आणि वर बायकोचं नाव ठोकलं: सोजराबाईनगर. बाईला विचारलं होतं का? छे!

तेव्हा एक फायनान्स कंपनी तालुक्यात खिरापतीसारखं कर्ज वाटत होती. पगाराचा कागद दाखवला की झालं. प्लॉटचे कागद कोण पाहतो? गिऱ्हाइकाच्या हाती पैसा दिसला की अर्जुनराव भाव वाढवत, आणि भाव वाढला की कंपनी आणखी मोठं कर्ज देई. घेणाऱ्यांत राहायचं कोणालाच नव्हतं. सगळ्यांना पुढे विकायचं होतं. सगळेच हुशार!

राहायचं होतं एका निवृत्तीला. हा अर्जुनरावांचीच जमीन बटाईनं, पिकाच्या वाट्यावर कसणारा. म्हणाला, "मालक, कोपऱ्यातला तुकडा मले द्या. दर हंगामाले सोयाबीन विकली का पैसे देत जाईन." गावातली अर्धी घरं अशीच उभी राहिलेली. पण अर्जुनराव चारचौघांत हसले. "हंगामाचे दिवस गेले बे. लोन आन, मंग बोल." बिनपगारी माणसाला लोन देतंय कोण?

शहाणपणाचा कळस पुढेच. भरवस्तीतलं राहतं घर विकून त्यांनी वावरात दुमजली बंगला बांधला. मालक राहायला गेला की भाव चढतो म्हणे!

मग पुढे घेणारा कोणी उरला नाही, लोकांचे हप्ते थकले आणि कंपनीला अक्कल आली. ती प्लॉटचे कागद मागू लागली. अर्जुनरावांकडे शेतजमिनीवर घरं बांधायची अकृषक परवानगीच नव्हती. कर्ज बंद, गिऱ्हाईक बंद. प्लॉटांवर गाजरगवत माजलं. बंगल्यात दोनच माणसं, सोजराबाईंना भरदुपारी भीती वाटे. शेवटी त्या कडाडल्या, "दिवाळीपर्यंत शेजार आना, नाई तं मी चालली."

नाक मुठीत धरून अर्जुनराव गावात निवृत्तीच्या दारी गेले.

"घे बापा तो तुकडा. जुन्याच भावानं. हंगामावर दे पैसे."

निवृत्तीनं खाट टाकली, चहा सांगितला. "आता कायले, मालक? इथंच जागा भेटली, खोल्या बांधल्या. तिकडं रानात लेकरं घेऊन कोन राहीन?"

"अबे, तुह्या काकूसाठी म्हनतो. तिले शेजार पाह्यजे."

"हाव, मालूम हाये," निवृत्ती खाली मान घालून म्हणाला. "काकू काल येऊन गेल्या. आमची बाजूची खोली भाड्यानं ठरवली त्याइनं. एकलीसाठीच हाये म्हने."