भेगा बुजवणारा धुळा

तर धुळानं हातातली काठी त्या भेगेत सोडली, ती निम्मी आत गेली आणि धुळा मटकन खाली बसला, इथवर काल आलो होतो. तेवढ्यात पाहुणे आले आणि गोष्ट चहात बुडाली. काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागून घेतो. मला काय, दहा वेळा सांगायला लावा.

धुळा आटपाडीकडचा धनगर. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन आमच्या वाळव्याच्या बाजूला उतरायचा. रानं मोकळी झाली की शेतकरी मेंढरं बसवून घेत. लेंड्यांचं खत रानाला, चार पायल्या जोंधळा धनगराला. लालासाहेबाच्या तीन एकरांत धुळाचा कळप बसायचा, आणि बसता बसता दोघांची अशी गट्टी जमली की लालासाहेबाची बायको राहीबाई म्हणायची, “आमच्या घरात दोन दादले हायत, एक घरात जेवतो नि एक बांधावर.” होळी झाली की धुळा कोयनेच्या डोंगराकडं चाऱ्याला निघून जायचा. हे होळीचं ध्यानात ठेवा. आमचा उन्हाळा त्यानं कधी पाहिलाच नव्हता.

एक्केचाळीस साली लालासाहेब पलटणीत गेला. मागं राहीबाई आणि दोन बारक्या पोरी. भाऊबंद होते, पण भाऊबंदाच्या हाती रान देण्यापेक्षा नदीला दिलेलं बरं, असं त्याचं मत. निघताना धुळाला म्हणाला, “मी येस्तवर हे रान तुझ्या हवाली. आलो तर तुझ्याकडनं घेईन. न्हाई आलो तर पोरींच्या पोटाला ठेव.” धुळानं बिरोबाची आण घेतली. मेंढरं भावाच्या स्वाधीन केली, चार तेवढी दुधाला ठेवली आणि रानातच खोप घातली.

आता मातीचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आणि खरं सांगू, मातीचं सांगायला मला फार आवडतं.

पश्चिमेला कोयनेचं खोरं. तिथं पाऊस असा की माणसाच्या अंगावर शेवाळ यावं. माती तांबडी, धुऊन धुऊन फिकी झालेली. तिथून खाली आलं की कृष्णाकाठची आमची काळी. उंच माणूस उभा पुरावा इतकी खोल. पावसात फुगते, चिकटते, पायातली वहाण ओढून घेते आणि परत द्यायचं नाव काढत नाही. उन्हाळ्यात आकसते, मग भेगा पडतात. भेगा कसल्या, कोंबडीचं पिलू पडलं तर आवाज तेवढा ऐकू यावा! पण तेच तिचं आरोग्य. वरची माती भेगांतून खाली जाते, आतली तापते, मोकळी होते. म्हणून आम्ही म्हणायचो, काळी आपली आपण नांगरून घेते. वरून करपलेली दिसली तरी दोन हात खाली ओल असते. त्या ओलीवर शाळू पिकतो, थेंब लागत नाही. खोड एकच. आत गेलेलं पाणी ती सोडत नाही. त्यात लालासाहेबाचं रान मधे खोलगट, बशीसारखं.

आणि धुळाचा मुलूख? चार बोटं माती, खाली मुरूम, त्याखाली खडक. पाऊस आला तर आला. घागर ओतली तर पाणी चाळणीतून जावं तसं जातं, मागं ओला डागसुद्धा राहत नाही. त्या मातीला भेग पडतच नाही. तिकडं भेग पडते ती एकाच जागी, आटलेल्या तळ्याच्या तळाला. तिथं भेग दिसली की गाव बिऱ्हाडं बांधतं.

तर चैत्रात लालासाहेबाच्या रानाला भेगा पडल्या आणि धुळा काठी घालून खाली बसला, तो का, हे आता तुम्हाला कळलं. त्याला वाटलं, रान मेलं. आणि तेही आपल्या हातात.

आमचं गाव पाटाच्या तोंडाजवळ, त्यामुळं उन्हाळ्यातही बारीक पाणी असायचं. धुळा फावडं घेऊन निघाला, रानात पीक नाही, काही नाही, आणि भेगांत पाणी सोडू लागला. एक भेग मिटायची, तो पुढच्या भेगेकडं जायचा. आठवड्यानं पहिली पुन्हा उघडायची. आम्ही बांधावर बसून हसायचो.

शेजारच्या रानातला हरिबा म्हणायचा, “धुळा, भेगंत पाणी घालतुयास का बोकडाला पाजतुयास रं?”

मी म्हणायचो, “जास्त पाजू नगंस, गड्या, रानाला जुलाब हुतील.”

तोही हसायचा. म्हणायचा, “हसा, हसा. मालकीन हाय ही, तान लागलीया तिला.”

कुणाची पाण्याची पाळी चुकली की धुळा ती मागून घ्यायचा. माझी पाळीही मी त्याला कैक वेळा दिली. मला तेवढीच झोप.

मग पाणी आहेच म्हणून त्यानं रानात ऊस लावला. गंमत अशी की पहिल्या साली ऊस कमरेएवढा जाड नाही, पण मनगटाएवढा झाला! गाव गप्प बसलं. राहीबाईच्या घरात गुळाच्या ढेपा लागल्या. धुळा माझ्याकडं आला. मी सातवी पास, गावातल्या पलटणीवाल्यांची कागदं मीच लिहायचो. म्हणाला, “तात्याबा, लालासाबाला लिव्ह. ऊस झ्याक हाय. पोरी खुशाल हायत. आनि लिव्ह, तू गेल्यापास्नं रानाला एक भेग ऱ्हाऊ दिली न्हाई, समद्या पान्यानं बुजवल्या.”

ऊस लिहिला. पोरी लिहिल्या. भेगांचं लिहिलं नाही. कार्डावर जागा थोडी, आणि मला वाटलं, लढाईवरच्या माणसाला भेगांचं काय सांगायचं? चार वर्षांत मी बारा कार्डं लिहिली. धुळानं बाराही वेळा ते वाक्य सांगितलं आणि बाराही वेळा मी ते गाळलं. तो अक्षरशत्रू. कार्ड हातात घेऊन कपाळाला लावायचा आणि पेटीत टाकायचा.

दुसऱ्या साली ऊस पिवळा पडला. धुळानं पाणी वाढवलं. तिसऱ्या साली मधल्या खोलगटात उगवलंच नाही. पावसाळा सरला, ऊन पडलं आणि एके दिवशी धुळाची चारी मेंढरं त्या मोकळ्या जागेत माना घालून उभी दिसली. चारा नाही, काडी नाही, आणि मेंढरं जमीन चाटत होती. धनगराला हे सांगावं लागत नाही. त्यानं बोट टेकलं, जिभेला लावलं. मीठ. पांढरं फटक मीठ फुटलं होतं. रानाच्या पोटात पाणी साठून साठून तळचं मीठ वर आलं होतं. काळीची चोपण झाली होती. भिजली की साबण, वाळली की दगड. नांगराचा फाळ वाकवते, बी कुजवते.

जाणत्यांनी सांगितलं, खोल चर मार आणि पाणी ओढ्याला काढ. धुळा एकटा चर मारायला लागला. चारशे पावलं लांब. दिवसभर खणायचा, आणि काळीच ती, दोन दिवसांत कडा फुगून चरात बसायच्या. मग पहिल्यापासून. पंचेचाळीस सालचा अख्खा हिवाळा-उन्हाळा तो त्या चरात होता. आम्ही आता बांधावर बसत नव्हतो. एकदा मी खाली उतरलो आणि म्हणालो, “पुरे कर, धुळा.” त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही. राहीबाई भाकरी बांधावर ठेवून जायची, ती कावळे खायचे. चर ओढ्याला काही पोचला नाही.

शेचाळीसच्या चैत्रात लालासाहेब आला. पायात बूट, खांद्याला पिशवी. घरी न जाता सरळ रानात गेला आणि आम्ही चार माणसं मागोमाग. चुन्यानं सारवावं तसं रान पांढरं. त्यात अर्धा ढासळलेला चर. चराच्या काठावर धुळा उभा, हाडाचा सापळा झालेला.

तीन एकरांतलं अडीच गेलं होतं. ते पुन्हा कधी आलंही नाही. पुढचंही सांगून टाकतो, म्हणजे मधे विचारायला नको. लालासाहेबानं इस्लामपुरात राखणदारी धरली, राहीबाई लोकांच्या रानात खुरपायला गेली. धुळा त्याच आठवड्यात आटपाडीकडं गेला. तिकडं म्हणे त्यानं कुणाच्या घरी पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः उचलला नाही, कुणी हातावर घातलं तेवढं प्यायचा. दोन वर्षांत वारला. रानात आज वेड्या बाभळी आहेत. जाऊन बघा, पण वहाणा घालून जा.

पण त्या दिवशी काय झालं ते राहिलं. लालासाहेबानं पिशवीतनं बारा कार्डं काढली. “आफ्रिकेत वाचली, इटलीत वाचली,” म्हणाला. “पाठ हायत मला. ह्यात भेगा बुजवल्याचं एक अक्षर न्हाई. असतं तर मी साहेबाच्या पाया पडून तार केली असती.”

धुळा माझ्याकडं बघत राहिला. मी म्हणालो, “त्यानं सांगितलं हुतं. म्या गाळलं.” हे मी तेव्हा बोललो, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल.

लालासाहेबानं कार्डं पिशवीत ठेवली. माझ्या अंगावर फेकली असती तर बरं झालं असतं. तो धुळाकडं वळला, त्याच्या दंडाला धरलं आणि विचारलं, “आरं, पर ह्या अख्ख्या गावात एकानंबी तुला सांगितलं न्हाई व्हय, की लय पानी घालू नगंस म्हनून?”

धुळा म्हणाला, “सांगितलं की, लालासाब, समद्यांनी सांगितलं. पर पानी लय झालं आसं आमच्याकडं कवा कुनी म्हनल्यालं म्या जल्मात ऐकलं न्हवतं. मला वाटलं, चेष्टा करत्यात.”